अनोळखी आवाज आणि ओळखीची खूण



कल्याणहून पुण्याकडे निघालें म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन गांवें ओळीनें लागतात. जुन्या काळीं वाटसरू व जासूद तेथें घोडे बदलीत म्हणून बदलापूर हें नांव पडलें, असें लोक सांगतात. ही व्युत्पत्ति खरी असो वा नसो, घोड्यावरून येणारा जासूद निदान दारांत उभा राहत असे. त्याचा चेहरा दिसे, हातांतील कागद पाहतां येई. आज या गांवांतील घराघरांत निरोप येतो तो खिशांतील दूरध्वनीवरून. ‘बँकेंतून बोलतों’, ‘पोलीस ठाण्यांतून बोलतों’ एवढ्या दोन शब्दांवर एखाद्या निवृत्त गृहस्थाची जन्माची शिल्लक घटकाभरांत नाहींशी होते. संकट नवें दिसतें. परंतु आलेला निरोप खरा कीं खोटा हा प्रश्न फार जुना आहे.

मराठेशाहींतील पत्रावर शिक्का व मोर्तब असे, तें याचसाठीं. कागदास खूण करतां येते. माणसास ती करणें कठीण. पानिपतच्या रणांत १७६१ सालीं सदाशिवरावभाऊ पडले. पुढें एक मनुष्य ‘मीच भाऊ’ म्हणून पुढें आला. कैदेंत ठेविलेला हा तोतया १७७६ सालीं सुटला, कोंकणांतील अनेक किल्ले त्यानें हस्तगत केले, आणि अखेर त्याच वर्षीं पकडला जाऊन पुण्यास देहदंड पावला. इतकीं माणसें त्याच्यामागें गेलीं, याचें कारण केवळ मुखसादृश्य नव्हे. भाऊ परत यावेत अशी अनेकांची मनापासून इच्छा होती. तोतया जगतो तो ऐकणाराच्या आशेवर किंवा भीतीवर.

व्यापाऱ्यांनीं यावर अधिक पक्का उपाय शोधिला होता. उल्हासनगर ही मूळची दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणी. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तेथें आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसली. या लोकांच्या मायदेशांतील शिकारपूरच्या सराफांच्या हुंड्या एके काळीं मध्य आशियापर्यंत चालत. हुंडीचा एक प्रकार शहाजोग. तिचे पैसे बाजारांत पत असलेल्या शहासच मिळत. कागद घेऊन आलेल्या परक्या इसमाच्या हातीं पडत नसत. शिवाय हुंडी लिहिणारा पुष्कळदां आपल्या आडत्यास निराळें पत्र पाठवून तिची आगाऊ वर्दी देई. थोडक्यांत, एका वाटेनें आलेल्या मागणीची शहानिशा दुसऱ्या वाटेनें करावी, हा त्या व्यवहाराचा कणा होता.

मुंबईंत दूरध्वनीची अदलाबदल-कचेरी जानेवारी १८८२ मध्यें सुरू झाली. आरंभीं दोन बोलणाऱ्यांच्या मध्यें तार जोडून देणारा माणूस असे. परगांवचा ट्रंक कॉल आला तर तो कोठून आला हें तोच आधीं सांगे. १९६० सालीं लखनौ व कानपूर यांच्यामध्यें थेट परगांवीं अंक फिरविण्याची सोय झाली, १९९५ सालीं मोबाईल आला, आणि हा मधला राखणदार हळूहळू निघून गेला. त्याच्या जागीं पडद्यावर आंकडा दिसूं लागला. पण आंकडाही खोटा दाखवितां येतो.

हे भामटे कोठेंतरी दूर बसतात, असेंहि समजूं नये. याच ठाणें जिल्ह्यांत, मीरा रोड येथें, ऑक्टोबर २०१६ मध्यें पोलिसांनीं छापे घातले, तेव्हां शेकडों तरुण रात्रपाळीनें अमेरिकेंतील नागरिकांस फोन करतांना सांपडले. आपण तेथील करखात्याचे अधिकारी आहोंत, कर थकला आहे, आतां अटक होईल, असा धाक घालून पैसे उकळण्याचा तो धंदा होता. तोच धाक पुढें ‘डिजिटल अरेस्ट’ या नांवानें आपल्या घरांत शिरला. कायद्यांत अशी कोणतीहि अटक नाहीं, हें २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांनीं नभोवाणीवरूनच देशाला सांगितलें.

मग करावें काय? सराफाचीच रीत. फोन करणारानें घाई केली, कोणास सांगूं नका म्हटलें, किंवा परवलीचा अंक मागितला, तर वाद न घालतां फोन ठेवावा. नंतर बँकेच्या पासबुकावरील अथवा कार्डामागील क्रमांकावर आपण होऊन चौकशी करावी. त्यानें दिलेल्या क्रमांकावर नव्हे. पैसे गेलेच, तर त्याच क्षणीं १९३० या क्रमांकावर कळवावें. रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्यापूर्वीं अडविण्याची आशा तेवढ्या वेळांतच असते. पैसे गेले नसले तरी संशयास्पद फोनची वर्दी दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’वरील ‘चक्षु’ या सोयींत देतां येते.

आणखी एक गोष्ट. फसलेला मनुष्य बहुधा लाजेनें गप्प बसतो, आणि त्या मौनांत वेळ जातो. अशा वेळीं घरच्यांनीं त्यास बोल लावूं नये. शहाजोग हुंडीच्या काळीं प्रत्येक पेढीमागें ओळखीच्या माणसांचा सगळा बाजार उभा असे. आज म्हाताऱ्या माणसामागें निदान त्याचें घर उभें असावें.