गुडघ्यातले कलम

आपल्या मराठीने गुडघ्याची थट्टाच फार केली आहे. कुणाची अक्कल गुडघ्यात असते, कुणी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला असतो. पण कबड्डीच्या मैदानावर चढाईला गेलेला पोरगा परत वळता वळता गुडघा धरून खाली बसतो, तेव्हा थट्टा थांबते. पुष्कळदा त्याला कुणी धक्काही दिलेला नसतो. पाय जमिनीत रोवलेला राहिला आणि अंग वळले, एवढेच. आतून ‘फट्’ असा आवाज आला म्हणून तो सांगतो, आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगतो.

हा आवाज एका बंधाचा असतो. गुडघ्याच्या पोटात मांडीचे हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारे दोन बंध एकमेकांवरून फुलीसारखे गेलेले असतात. त्यांतला पुढचा जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा. तो नडगीला पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा सावरतो. डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. मैदानावर ‘लिगामेंट गेलं’ म्हणतात.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गामम शहरी गॅलेन नावाचा वैद्य ग्लॅडिएटरांच्या जखमांवर उपचार करी. या फुलीच्या बंधांचे वर्णन त्याने केले. पण बंध तुटला हे ओळखायचे कसे, याची नीट मांडणी व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८४५ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरातले शल्यविशारद अमेदे बोने यांनी खुणा सांगितल्या : आतून आवाज, सांध्यात साचलेले रक्त, आणि पायाची गेलेली ताकद. आजही डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.

१८७५ मध्ये जॉर्ज नुलिस या ग्रीक डॉक्टरने पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात हाताने करायची एक तपासणी लिहून ठेवली. गुडघा थोडासाच वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. बंध शाबूत असेल तर ती चटकन अडते. तुटला असेल तर सैल पुढे येते. ही तपासणी विस्मरणात गेली. १९७६ साली अमेरिकेतल्या जोसेफ टॉर्ग यांनी तीच आपले गुरू जॉन लॅकमन यांच्या नावाने प्रसिद्ध केली. मध्ये शंभर वर्षे गेली! पुढे एमआरआय आले, तरी जाणत्या हाताची ही पारख मागे पडलेली नाही. एक्स-रेमध्ये हाड दिसते, बंध दिसत नाही. ‘फोटोत काही नाही’ एवढे ऐकून घरी गेलेले, आंबेहळदीचा लेप लावून आठवड्याने पुन्हा मैदानात उतरलेले खेळाडू आपल्याकडे कमी नाहीत.

आता दुरुस्तीचे. १८९५ साली इंग्लंडमधल्या लीड्स येथे मेयो रॉबसन यांच्याकडे एक्केचाळीस वर्षांचा खाणकामगार आला. त्याचे दोन्ही बंध तुटले होते. रॉबसन यांनी ते कॅटगटने, म्हणजे आतड्यापासून केलेल्या धाग्याने शिवले. माणूस कामावर परतला. साहजिकच, फाटले की शिवायचे, हा मार्ग पुढे बरीच वर्षे चालला. पण १९७६ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या छात्रांची पाच वर्षांनंतरची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा शिवलेले बहुतेक गुडघे पुन्हा दगा देत असल्याचे दिसले. कातडीच्या जखमेत रक्ताची गुठळी दोन कडांमध्ये पूल बांधते. हा बंध सांध्याच्या पाण्यात बुडालेला असतो. तिथे गुठळी टिकत नाही, आणि टोके जुळत नाहीत.

दुसरा मार्ग होता नवा बंध घालण्याचा. महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी मांडीच्या बाहेरच्या अंगाची पट्टी काढून, हाडांना भोके पाडून ती ओवली. १९६३ मध्ये केनेथ जोन्स यांनी वाटीखालच्या कंडरेचा मधला भाग वापरला. १९८० साली इंग्लंडमध्ये डेव्हिड डँडी यांनी दुर्बिणीच्या मदतीने अशी शस्त्रक्रिया केली, तेव्हा बंध कार्बनच्या धाग्यांचा होता. त्या दशकात कृत्रिम बंधांचा बोलबाला झाला. पण ते झिजले, तुटले, आणि डॉक्टर पुन्हा माणसाच्या स्वतःच्या कंडरेकडे वळले.

या बसवलेल्या तुकड्याला मराठीत चपखल शब्द आहे : कलम. कलम लावले म्हणजे झाड झाले असे नाही. हे कलमही आधी कमजोर होते, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि सावकाश त्याचा बंध होतो. घोटाळा असा, की कलम कच्चे असते त्याच सुमारास सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते, आणि खेळाडूला वाटते, झालो बरा!

पूर्वी उपाय होता पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये ठेवण्याचा. गुडघा आखडे, मांडी वाळे. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे डोनाल्ड शेलबोर्न यांना दिसले, की सांगितलेले न ऐकता लवकर पाय हलवणारे रुग्णच अधिक चांगले सुधारतात. १९९० साली त्यांनी तसे मांडले, आणि लवकर हालचाल ही रीत झाली. पण हालचाल वेगळी, सामना वेगळा. २०१६ मध्ये नॉर्वेतल्या अभ्यासाने दाखवले, की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवावा, तितका पुन्हा इजा होण्याचा धोका घटतो. दर महिन्याला जवळजवळ निम्म्याने.

शस्त्रक्रिया प्रत्येकालाच लागते असेही नाही. २०१० साली स्वीडनमधल्या संशोधकांनी १२१ तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींची लगेच शस्त्रक्रिया झाली, बाकीच्यांना आधी व्यायाम देऊन गरज पडली तरच. पाच वर्षांनी या दुसऱ्या गटातल्या जवळजवळ निम्म्यांवर शस्त्रक्रियेची वेळ आली नव्हती. मात्र ज्याचा गुडघा वारंवार सटकतो, त्याने अंगावर काढू नये. प्रत्येक सटकण्यात आतली गादी फाटण्याची भीती असते, आणि पुढे चाळिशीतच संधिवात दार ठोठावतो.

आपल्या गावागावांत कबड्डी, खो-खो, कुस्ती खेळणाऱ्या मुलांना गुडघ्यावरच क्रीडा कोट्यातली नोकरी किंवा पोलीस भरतीतली धाव गाठायची असते. मुलींना तर काही खेळांत ही इजा मुलांपेक्षा दुपटीहून अधिक होते. म्हणून आवाज आला आणि काही तासांतच सूज चढली, तर मालिश नको, गुडघा ओढून बसवणे नको. हात लावून नीट तपासणारा डॉक्टर गाठावा. आणि संघाच्या प्रशिक्षकांना, घरच्या वडीलधाऱ्यांना एकच विनंती : ‘अंतिम सामना आहे, तेवढा खेळ’ असे नऊ महिने म्हणू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)