पाट्याखालची दांडी

१९६० च्या दशकातल्या मस्टँग आणि कॅमारो या अमेरिकी गाड्यांची इंजिनं दांडगी होती, पण मागचा अ‍ॅक्सल मात्र ट्रकसारखा पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) टेकलेला. पाटे स्वस्त पडत, म्हणून गाडीचं वजन पेलणं आणि अ‍ॅक्सल जागेवर धरणं ही दोन्ही कामं त्यांच्याच गळ्यात. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की चाकं पुढे फिरतात आणि अ‍ॅक्सल उलट फिरू पाहतो. पाटा पिळवटतो, टायर घसरताच सुटतो, परत पिळवटतो आणि मागची चाकं रस्त्यावर उड्या मारू लागतात. ट्रॅक्शन बार ही त्यावरची दांडी: अ‍ॅक्सलपाशी घट्ट आवळलेली, पाट्याखालून पुढे गेलेली, टोकाला रबरी गुटका. अ‍ॅक्सल वळू लागला की गुटका वर येऊन पाट्याच्या पुढच्या टोकाखाली टेकतो आणि पीळ तिथेच थांबतो.

हा सरळ पट्टीवरच्या ड्रॅग शर्यतवाल्या हौशी पोरांचा जुगाड, असं म्हटलं जातं. मला तो कारखान्यांच्या काटकसरीचा पुरावा वाटतो. १९६५ ची शेल्बी जीटी३५० ही मस्टँग वळणांच्या ट्रॅकसाठी घडवलेली. तिच्या तळपत्र्याला भोकं पाडून याच कामाच्या दांड्या अ‍ॅक्सलच्या वरून बसवल्या होत्या. शेव्हरलेने १९६७ च्या ताकदवान कॅमारोला उजव्या बाजूला एक दांडी दिली. उजवीकडेच का, तर प्रोपेलर शाफ्टचा पीळ अ‍ॅक्सलचं उजवं चाक उचलू पाहतो. म्हणूनच ड्रॅगसाठी गुटका लावताना गुटका आणि पाटा यांतली उजवीकडची फट डावीपेक्षा कमी ठेवतात.

इलाज इतका रास्त, तर फट ठेवायचीच कशाला, असा आक्षेप येईल. वळणावर गाडी कलते, बाहेरचा पाटा दबतो. गुटका तेव्हाच टेकला तर पाट्याचा पुढचा अर्धा भाग जखडतो, मागची बाजू एकाएकी ताठ होते आणि शेपूट बाहेर जाते. सरळ पट्टीवर जी फट जवळजवळ नकोच, ती रोजच्या रस्त्यावर सढळ हाताने सोडावी लागते. यात दोष दांडीचा नाही. तिचं काम पाट्याची उणीव भरून काढण्याचं, आणि ती उणीव ड्रॅगच्या पट्टीवर वेगळी, वळणावर वेगळी. पाटे गेल्यावर गरज संपली, हेही खरं नाही. १९८२ च्या कॅमारोत मागे कॉइल स्प्रिंग आल्या, तेव्हा अ‍ॅक्सलपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी लांब दांडी कारखान्यानेच बसवली, त्याच पिळाला आवरण्यासाठी.