बांधलेल्या खडकाची कुळी

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीमुळे देशभर ओळखले जाते. ही मूर्ती छिन्नीने कोरलेली नसून वाळू आणि शेण एकत्र करून घडवलेली आहे, असे परंपरा सांगते. म्हणूनच तिला वेळोवेळी लेप द्यावा लागतो. हा लेप कोणी द्यायचा, हा जैनांच्या दोन पंथांमधल्या वादाचा एक मुद्दा झाला. तो वाद १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पुन्हा आला. त्याच गावात हेमाडपंती घडणीचे जुने दगडी मंदिरही आहे, आणि त्या घडणीत दगडावर दगड बसतो तो केवळ आपल्या भाराने आणि खाचांनी, चुन्याशिवाय. म्हणजे दगडी वस्तू करण्याच्या दोन्ही रीती इथे एकाच गावात सापडतात: तयार दगड निवडून रचायचा, किंवा सुटे कण गोळा करून बांधायचे. घरच्या छोट्या काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्याचे प्रवाळविश्व उभे करणाऱ्यांपुढे हीच निवड असते. त्यांतले बहुतेक जण रचलेल्या नैसर्गिक खडकाला अस्सल मानतात आणि हाताने बांधलेल्याला तडजोड समजतात. बांधलेल्या खडकाची कुळी तपासली तर हा समज टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे.

रूढ हकिकत अशी. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली: टाकीत समुद्रातून आणलेले, जीवजंतूंनी भरलेले खडक ठेवायचे आणि हवेचे बुडबुडे सोडायचे, बाकी गाळणयंत्र नको. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी या जिवंत खडकाला प्रोटीन स्किमरची, म्हणजे फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची, जोड दिली आणि ‘बर्लिन पद्धत’ जगभर गेली. मग असे खडक महागले, दुर्मिळ झाले, आणि म्हणून लोक सिमेंटचे खडक बनवू लागले. या हकिकतीतला शेवटचा दुवा खरा आहे, पण तिची सुरुवात चुकीच्या ठिकाणी होते. घरातल्या खाऱ्या टाकीचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचा, लंडनमधला. रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी वनस्पती आणि मासे एकमेकांना तगवतात हे १८५०च्या सुमारास दाखवले; फिलिप हेन्री गॉस यांचे मत्स्यालयावरचे पुस्तक १८५४ साली आले. जोसेफ अ‍ॅस्प्डिन यांनी पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले ते १८२४ साली, म्हणजे ही हौस सुरू झाली तेव्हा सिमेंट हाताशी होते. पुलहॅम घराण्याचे कारागीर बागांसाठी विटांचे तुकडे आणि राबिट यांवर सिमेंट चढवून हुबेहूब कातळ उभे करत होते. त्या काळच्या टाक्यांतही सिमेंटने सांधलेले खडक मांडले जात, आणि मासे सोडण्याआधी अशा टाक्या अनेकदा पाणी बदलून मुरवाव्या लागत. बांधलेला खडक ली यांच्या लेखापेक्षा शंभरेक वर्षांनी थोरला आहे. त्याला धाकट्याची नक्कल म्हणणे वयाच्या हिशोबानेच चूक ठरते.

पण वय हा काही निर्णायक पुरावा नव्हे. खडक टाकीत करतो काय, हे पाहिले पाहिजे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. खडकाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आत, जिथे प्राणवायू पोहोचत नाही अशा छिद्रांत, दुसरे जिवाणू नायट्रेट मोडून त्यातला नायट्रोजन वायुरूपाने सोडतात. हे काम दगडाच्या जातीवर अवलंबून नसते, ते पोकळ्यांवर अवलंबून असते. आणि मुळात समुद्रातला प्रवाळखडक तरी काय असतो? मेलेल्या पोवळ्यांचे सांगाडे, शिंपल्यांचे तुकडे, चुनखडी वाळू. यांच्या फटींत मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइट भरून गुलाबी चुनेरी शेवाळे त्यांना सांधतात. खडकाचे खडकपण येते ते त्या सांध्यातून. आपल्याकडच्या जुन्या कारागिरांनाही सांध्याचे मोल ठाऊक होते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे, त्यात कच्चे टेंभुर्णीचे फळ, कच्चे कवठ, सावरीची फुले, बिब्बा, गुग्गुळ असे पदार्थ येतात. ही झाडे वाशीमच्या रानांना परकी नाहीत. कोकणात शिंपल्या भट्टीत भाजून चुना करत. यांतले कोणी मत्स्यालयाचा विचार करत नव्हते हे उघड आहे. सुटे कण बांधून टिकाऊ वस्तू करण्याची विद्या मात्र त्यांचीच, आणि घरच्या खडकाचे खरे पूर्वज मला इथे दिसतात.

आजची रीत ज्या नावाने ओळखली जाते ते ‘अ‍ॅरागोक्रीट’ हे नाव १९९०च्या दशकात लोकांपर्यंत पोहोचवले अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या बॉइसीच्या ‘गार्फ’ या संस्थेने. अ‍ॅरागोनाइट म्हणजे प्रवाळाच्या सांगाड्यातले कॅल्शियम कार्बोनेट. त्याची भरड आणि सिमेंट मिळून हे नाव झाले. बॉइसी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. ज्याच्या दाराशी प्रवाळ आहे त्याला खडक बांधायची गरज पडत नाही. गरज पडते ती आतल्या मुलखातल्या माणसाला. पुढे समुद्रकाठच्या लोकांवरही तीच वेळ आली. फ्लोरिडालगतच्या अमेरिकी संघराज्याच्या पाण्यातून जिवंत खडक काढायला १९९७पासून बंदी झाली, आणि तिथले व्यावसायिक खाणीतला चुनखडक समुद्रात टाकून, तो जीवांनी भरल्यावर परत काढू लागले. भारतात २००१ साली दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे हे सारे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले, म्हणजे वाघाच्या रांगेत बसले. मालवणचे सागरी अभयारण्य त्याआधीच, १९८७ साली, जाहीर झालेले होते. प्रवाळांना संरक्षण देण्याचा निर्णय योग्यच होता. प्रवाळखडक फोडून दिवाणखान्यात आणणे ही हौस समुद्राला परवडणारी नव्हती.

शिरपूरसारख्या गावात हा खडक बांधायला लागणारे साहित्य शोधायला दूर जावे लागत नाही. कोंबडीखाद्याच्या दुकानात अंड्यांच्या कवचासाठी शिंपल्यांचा चुरा मिळतो. तो मुळात समुद्रातलाच चुना. पांढरे सिमेंट, जाडे मीठ, घमेले आणि थापी एवढ्यावर काम भागते. साधारण एक भाग सिमेंटला तीन-चार भाग चुरा, आणि माल कालवून झाल्यावर शेवटी जाडे मीठ, कारण ते आधी घातले तर पाण्यातच विरघळते. ओल्या वाळूत खड्डा करून त्यात माल ओतला की खडकाला ओबडधोबड कडा येतात. पुढे पाण्यात ठेवल्यावर मीठ निघून जाते आणि जागोजागी पोकळ्या राहतात. मीठ कमी पडले तर पोकळ्या एकमेकींना मिळत नाहीत आणि आतला भाग बंदच राहतो; जास्त झाले तर खडक हातात तुटतो. गवंडी ज्या सवयीने आत लोखंडी जाळी घालेल ती इथे घालू नये: लोखंड खाऱ्या पाण्यात गंजते, गॅल्व्हनाइज्ड तारेतून जस्त सुटते, आणि तांबे तर शंख-शिंपल्यांच्या जातीच्या जीवांना अगदी थोडेसुद्धा घातक असते. पाण्याबद्दलही एक मोह टाळावा. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात लोणारचे खारे सरोवर आहे, पण त्याचे खारेपण सोड्याचे आहे, सामू दहाच्या आसपास. समुद्राचा सामू सव्वाआठच्या आगेमागे असतो, आणि सोड्याच्या पाण्यात कॅल्शियम विरघळलेले राहतच नाही. लिटरमागे पस्तीस ग्रॅम या हिशोबाने साठ लिटरच्या टाकीला दोन किलोंहून थोडे अधिक कृत्रिम समुद्रमीठ लागते, तेवढे विकत घ्यावे. विदर्भात खरी अडचण खडकाची नाही आणि पाण्याचीही नाही, ती मे महिन्याची आहे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात टाकी पंचवीस-सत्तावीसवर ठेवणे हा सगळ्यात मोठा खर्च.

यावर मोठा आक्षेप येतो तो सिमेंटच्या क्षाराचा. तो खरा आहे. सिमेंट पाण्याशी मिळते तेव्हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड मोकळा होतो आणि पाण्याचा सामू बारापर्यंत चढतो. असा ताजा खडक टाकीत गेला तर मासे मरतात. पण हा दोष कायमचा नाही. हवेतला आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड त्या चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट करतो, म्हणजे शिंपला आणि पोवळे ज्याचे बनले आहे तेच. गवंडी स्लॅबवर पाणी मारतो ते ताकद यावी म्हणून. इथे तेच पाणी खार ओढून घेण्यासाठीही लागते, आणि ते दीड-दोन महिने वरचेवर बदलावे लागते. पाणी बदलल्यावर चार-सहा दिवस सामू चढला नाही, तरच खडक टाकीत जावा. घाई करणारा माणूस या कामाला योग्य नाही, एवढेच या आक्षेपातून सिद्ध होते.

दुसरा आक्षेप असा की पोवळ्याला चुन्याचाच दगड हवा. मुंबईने याचे उत्तर दिले आहे. तिथले किनारे बेसाल्टचे, म्हणजे वाशीमच्या काळ्या पाषाणाच्याच जातीचे, आणि त्यांवर पोवळी वाढतात. सागरी किनारा रस्त्याचे काम आले तेव्हा, २०२० साली, वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या अठरा वसाहती हलवल्या गेल्या. पोवळे कॅल्शियम घेते ते पाण्यातून. पायाखालच्या दगडाकडून त्याला फक्त पक्की पकड हवी असते. मग सरळ बेसाल्ट का रचू नये? रचावा की, पण बेसाल्ट भरीव आणि जड असतो, त्यात जिवाणूंना घर कमी मिळते, आणि छोट्या टाकीच्या तळकाचेवर भार नको तितका येतो. शिवाय रचलेले दगड गोगलगायी आणि खणणारे मासे खालून पोखरतात; हेमाडपंती खाच इथे कोणी पाडत नाही. बांधलेला खडक एकसंध असतो, हवी तशी कमान आणि गुहा घेतो, आणि मासे लपतात ते गुहेतच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: हा खडक सुरुवातीला निर्जीव असतो, आणि जिवंत खडकाबरोबर जी किडामुंगी, स्पंज, शेवाळे येतात ती याच्याबरोबर येत नाहीत. खरे आहे. जिवाणूंची घडी बसायला आठवडे लागतात, गुलाबी चुनेरी शेवाळे पसरायला महिने. पण याच्याबरोबर न बोलावलेले हिंस्र खेकडे आणि काचअ‍ॅनिमोनही येत नाहीत, आणि त्यांनी ग्रासलेली छोटी टाकी पुन्हा सावरणे फार कठीण असते. उरलेली उणीव भरून काढण्यासाठी चालत्या टाकीतला मूठभर माल पुरतो. मात्र तो माल कुठून आला हे विचारावे लागेल, आणि खडकावर काय बसवायचे तेही. खडक घरचा असला म्हणून मालवणच्या पाण्यातून तोडलेला पोवळ्याचा तुकडा त्यावर लावता येत नाही. कायदा खडकाला लागू होतो तसाच त्या तुकड्यालाही होतो.