थेंबाची व्याख्या

माझी आई शेवटची काही वर्षे एस.टी.त बसली नाही. लग्नकार्याचे बोलावणे आले की तिचे गुडघे दुखू लागत. खरे कारण मला उशिरा कळले. खोकला आला, हसू आले की लघवीचे थेंब जायचे. डॉक्टरांकडे नेले, रिपोर्ट स्वच्छ आला आणि ‘वयोमानाने होते’ एवढे ऐकून आम्ही परतलो. अशा दुखण्याला आजार कधी म्हणायचे आणि ते ठरवायचे कोणी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. वैद्यकाचे शिक्षण मला नाही. ग्रंथालय आणि जुजबी संस्कृत एवढीच शिदोरी.

सुरुवात सुश्रुतापासून केली. उत्तरतंत्रात मूत्राघाताचे १२ प्रकार सांगितले आहेत, चरकाच्या सिद्धिस्थानात १३. वाताष्ठीला म्हणजे गुद आणि बस्ती यांच्यामध्ये दगडासारखी घट्ट गाठ, तिने मूत्र अडते. पुढच्या अभ्यासकांना यात वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी दिसली, आणि ते पटण्यासारखे आहे. मी थबकले ती वातबस्ती, मूत्रातीत आणि मूत्रजठर यांच्यापाशी. तिन्हींचे मूळ एकच, आलेला वेग दाबणे. चरकाने दाबू नयेत अशा १३ वेगांची यादी दिली, त्यात पहिला मूत्राचा. २०११ साली मुंबईत स्त्रियांच्या मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ चळवळ उभी राहिली, तिच्या कार्यकर्त्यांना हा आधार सहज घेता आला असता.

पण मूत्राघाताचा भर अडण्यावर आहे, गळण्यावर नाही. आपल्या बोलीचेही तेच. जळजळ झाली तर उन्हाळी लागते, अडली तर लघवी तुंबते, खडा झाला तर मूतखडा. गळतीला मात्र घरगुती नाव मला सापडले नाही. ‘धरवत नाही’ म्हणायचे, तेही आवाज उतरवून.

युरोप-अमेरिकेत हा प्रश्न यंत्राच्या वाटेने गेला. १८८२ मध्ये मोस्सो आणि पेलाकानी या इटालियन संशोधकांनी स्त्रियांच्या मूत्राशयातील दाब मोजला आणि पोटाचा जोर नसतानाही मूत्राशय स्वतः आकुंचन पावते हे दाखवले. १९२७ मध्ये अमेरिकेत रोझ यांनी सिस्टोमीटर पुढे आणला. नळी घालायची, पाणी भरायचे, दाबाचा आलेख काढायचा. १९७० च्या सुमारास तज्ज्ञांमध्ये एक म्हण रूढ झाली, की मूत्राशय हा बेभरवशाचा साक्षीदार आहे. रुग्ण सांगतो एक, आलेख दाखवतो दुसरे. यात तथ्य होते, हे मान्य करायला हवे. खोकल्याने होणारी गळती आणि अनावर घाईने होणारी गळती यांत गल्लत झाली तर नको ती शस्त्रक्रिया होते.

१९७१ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने संज्ञा ठरवायला घेतल्या. तिच्या १९८८ च्या अहवालातली व्याख्या मी पुन्हा पुन्हा वाचली. मूत्रगळती म्हणायची तर ती सामाजिक किंवा स्वच्छतेची अडचण असली पाहिजे, शिवाय तपासणाऱ्याला वस्तुनिष्ठपणे दाखवता आली पाहिजे. म्हणजे दवाखान्यात, परक्या माणसासमोर, आईला नेमके त्याच क्षणी गळायला हवे होते!

१९९४ मध्ये इंग्लंडचे पॉल अब्रॅम्स यांनी आणखी एक जुना शब्द मोडीत काढायला सांगितले. पुरुषाची लघवीची कोणतीही कुरबूर ‘प्रोस्टॅटिझम’ या नावाखाली जाई, म्हणजे तपासण्याआधीच गुन्हेगार ठरलेला. त्यांनी सुचवले, नुसते ‘मूत्रमार्गाच्या खालच्या भागाची लक्षणे’ म्हणा. शब्द लांबलचक खरा, पण त्यात स्त्रियाही आल्या. मग त्याच संस्थेच्या २००२ च्या अहवालात, ज्याचे पहिले लेखक अब्रॅम्सच होते, मूत्रगळतीच्या लक्षणाची व्याख्या एका ओळीत बसली. इच्छेविरुद्ध लघवी गळण्याची तक्रार. कितीही असो. दाखवून देण्याची अट लक्षणाच्या व्याख्येतून गेली. यंत्रे राहिली, पण तक्रारीला दाराबाहेर थांबावे लागले नाही. रात्री लघवीसाठी एकदा जरी उठावे लागले तरी ते लक्षण म्हणून नोंदवायचे ठरले. कधी गेलो, किती झाली, कधी गळली, हे रुग्णाने स्वतः लिहायच्या दैनंदिनीलाही तपासणीत जागा मिळाली.

आई गेल्यावर स्वयंपाकघरातले जुने कॅलेंडर उतरवले. दुधाच्या हिशेबाखाली पेन्सिलच्या बारीक रेघा होत्या, कुठे तीन, कुठे चार, एका तारखेला सहा. गॅसच्या नोंदी असतील म्हणून मी ते रद्दीत टाकणार होते. मग पाहिले, तर दवाखान्यात गेलो त्या तारखेनंतर एकही रेघ नव्हती.