चाकातल्या हवेचा पहारा
साताऱ्याजवळ महामार्गालगत माझं टायरचं दुकान आहे. पूर्वी ट्रक ढाब्यावर थांबला की क्लीनर आधी उतरून टॉमीने एकेक चाक ठोकायचा. भरलेला टायर खणखणतो, बसलेला बद्द वाजतो. हवेवरचा मी पाहिलेला सगळ्यात जुना पहारा तो.

मोटारीत हे काम यंत्राकडे गेलं १९८६मध्ये, पोर्शे ९५९ या महागड्या गाडीत. सर्वांपर्यंत ते पोहोचलं मात्र अपघातांमुळे. अमेरिकेत फायरस्टोन टायरांचे थर सुटून फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटल्या, माणसं गेली. २०००मध्ये कायदा झाला. सप्टेंबर २००७पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत इशाऱ्याचा दिवा सक्तीचा झाला. हवा पाव भागाने उतरली की तो लागलाच पाहिजे.

माझ्याकडे गिऱ्हाईक येतं ते दिवा मध्येच लागतो, मध्येच विझतो म्हणून. पहाटेच्या गारठ्यात हवेचा दाब उतरतो, पाच-सहा अंशांमागे साधारण एक पीएसआय. उन्हं चढली की दिवा विझतो. म्हणून आधी थंड टायरची हवा गेजने मोजावी. ती बरोबर असेल, तर बहुधा चाकातल्या सेन्सरची बंदिस्त बॅटरी थकलेली असते; मग सेन्सरच बदलावा लागतो. दिव्यावर पट्टी चिकटवून घाटात गाडी घालणारे पाहिले की जीव तुटतो.