पावनखिंडीची वाट जुलैत आपली, मार्चमध्ये कुणाची?

१६६० च्या जुलैत भर पावसात महाराज पन्हाळ्याचा वेढा फोडून मसाई पठारामार्गे विशाळगडाकडे गेले. घोडखिंड बाजीप्रभूंनी लढवली, तिची पावनखिंड झाली. आज जुलैत त्या वाटेनं मोठी गर्दी चालते. वाटेवरच्या वाड्यांना मुक्काम-जेवणाचे चार पैसे मिळतात.

उन्हाळ्यात मात्र तिकडं कोण फिरकत नाही, आणि वणवा तेव्हाच लागतो. जाळलं की गवत चांगलं फुटतं, ही जुनी समजूत. नाहीतर कुणाची तरी विडी. वन खातं जाळरेषा काढतं, पण डोंगर मोठा, माणसं थोडी.

मंडळी, जानेवारीतले दोन दिवस द्या. वन खात्याला विचारून जाळरेषेचं गवत कापू. जळलेल्या उतारावर पावसाच्या तोंडाला करवंद-जांभळाच्या बिया टोचू (पठारावर नको, ती रानफुलांची जागा). मुक्काम वाडीतच, जेवणाचे पैसे देऊन. विळे आम्ही आणतो.