श्वास मोजणारे मणी

खोकला झालेल्या प्रत्येक मुलाला प्रतिजैविक द्यावे काय? बहुतेक सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो आणि विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. त्यांच्या अकारण वापराने मात्र औषधाला दाद न देणारे जीवाणू वाढतात. उलट, खोकल्यामागे न्यूमोनिया असेल व औषध मिळाले नाही, तर मूल दगावू शकते. जेथे क्ष-किरण यंत्र नाही, डॉक्टरही नाही, तेथे निवाडा कसा करायचा?

न्यूमोनियात फुफ्फुसे ताठर होतात. खोल श्वास घेता येत नाही, म्हणून मूल उथळ पण भराभर श्वास घेते. पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या लक्षणाच्या आधारे प्रतिजैविक कोणाला द्यावे याचा निकष सुचवला.

महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ही कसोटी खेड्यांत नेली. आरोग्यसेवक आणि सुईणी श्वास मोजून को-ट्रायमोक्झॅझोल देऊ लागले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : तुलनेच्या गावांत दर हजार बालकांमागे न्यूमोनियाचे मृत्यू १७.५ होते, तर या गावांत ८.१. उपचार केलेल्या ६१२ रुग्णांपैकी एक टक्क्याहूनही कमी दगावले.

पण अनेक सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नसे. त्यांच्यासाठी बंग दांपत्याने एक साधे उपकरण बनवले : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ व तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर औषध द्यायचे. नाही सरकला, तर द्यायचे नाही. हा नकारही तितकाच मोलाचा!

ही कसोटी अचूक नाही. दमा किंवा विषाणुसंसर्गातही श्वास वाढतो, त्यामुळे काहींना औषध विनाकारण मिळते. परंतु चुकीची किंमत मृत्यू असेल, तेथे ही चूक पत्करावी लागते. दवाखान्यात अधिक नेमकी चाचणी शक्य असते. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात १९३० मध्ये सापडलेले सी-रिॲक्टिव्ह प्रथिन बोटातील थेंबभर रक्तात मोजता येते. नेदरलँड्समधील २००९ च्या अभ्यासात या चाचणीमुळे खोकल्यासाठी प्रतिजैविक मिळणाऱ्यांचे प्रमाण ५३ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले.

विद्यार्थ्यांना घरच्या शांत झोपलेल्या बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजू द्या. मग विचारा : पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर का चालत नाही? बाळाचा श्वास एका लयीत नसतो, हे त्यांना स्वतःच दिसेल.